कन्सोल लाल, पण सॅन ठीक: स्टोरेजचं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर बिघडलं की कुठून सुरुवात करायची

रात्री अडीच वाजता ऑन-कॉल माणसाला येणारा फोन बहुतेकदा एकाच वाक्याचा असतो. "सर, कन्सोलवर दोन स्विच लाल दिसतायत, रीबूट मारू का?" यावर आधी म्हणायचं "थांब", आणि लगेच विचारायचं, "डेटाबेस चालतोय का? अ‍ॅप्लिकेशनवाल्यांची काही तक्रार आहे?" समोरून "नाही, तिकडे सगळं व्यवस्थित" असं आलं, तर निम्मं निदान झालं. बिघाड बहुधा सॅनमध्ये, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या जाळ्यात नाही, सॅनची खबर देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. या दोन्हींत गल्लत झाली की चांगले चालणारे स्विच रीबूट होतात आणि नसलेला बिघाड खराखुरा होऊन बसतो.

ज्यांना सर्व्हर आणि नेटवर्क येतं, पण सॅन "जाता जाता तेही बघ" म्हणून गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुठल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची बटणं इथे सांगणार नाही, कारण ती सतत बदलतात. ब्रोकेडचं नेटवर्क अ‍ॅडव्हायझर गेलं आणि सॅननॅव्ह आलं; सिस्कोच्या डीसीएनएमची जागा नेक्सस डॅशबोर्डने घेतली. खालची यंत्रणा मात्र इतक्या वर्षांत फारशी बदललेली नाही, आणि बिघाड शोधताना कामाला येते ती तीच.

आधी सॅन, थोडक्यात

एकीकडे सर्व्हर, दुसरीकडे डिस्कांनी भरलेला स्टोरेज अ‍ॅरे आणि मध्ये फायबर चॅनलचे स्विच, हे झालं स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजे सॅन. सर्व्हरला वाटतं डिस्क आपल्याच पोटात आहे. प्रत्यक्षात ती चार रॅक पलीकडे असते. महापे, रबाळे, ऐरोलीकडच्या डेटा सेंटर्समध्ये रॅकमागून जाणाऱ्या फिक्या निळ्या फायबर केबल्स पाहिल्या असतील, तर त्यांतल्या काही अशाच जाळ्याच्या असण्याची शक्यता आहे. बँका, विमा, टेलिकॉम यांचे मोठे डेटाबेस आजही अनेकदा यावरच उभे असतात.

या जाळ्यात प्रत्येक पोर्टला ६४ बिटांचं एक कायमचं नाव असतं, डब्ल्यूडब्ल्यूएन. ते सोळा हेक्स अंकांत लिहितात. सरावाने त्याच्या सुरुवातीवरूनच ओळख पटते: २१:००:००:२४:एफएफ दिसलं की क्यूलॉजिकचं कार्ड, १०:००:००:००:सी९ दिसलं की एम्युलेक्सचं. केबल जोडली की सर्व्हरचं कार्ड, म्हणजे एचबीए, स्विचकडे लॉगिन करतं. स्विच त्याला २४ बिटांचा पत्ता देतो, ज्यातले पहिले आठ बिट कुठला स्विच ते सांगतात. मग त्याची नोंद नेम सर्व्हरमध्ये, म्हणजे कोण-कोण जोडलंय त्या यादीत होते. कोणी कोणाला दिसायचं हे झोनिंग ठरवतं, आणि अ‍ॅरेवरचं कुठलं लन (सर्व्हरला डिस्क म्हणून दिसणारा अ‍ॅरेचा भाग) कोणत्या सर्व्हरला द्यायचं हे अ‍ॅरेवरचं मास्किंग ठरवतं. लॉगिन, झोनिंग आणि मास्किंग अशा तीन ठिकाणी हिरवा कंदील मिळाला तरच सर्व्हरला डिस्क दिसते. पुढे एका उदाहरणात हे तिन्ही लागणार आहेत.

दोन वेगळे रस्ते

डेटा जातो फायबरवरून. मॅनेजमेंट सॉफ्टवेअर मात्र स्विचशी बोलतं त्याच्या मागच्या किंवा बाजूच्या साध्या इथरनेट पोर्टवरून. हे दोन रस्ते एकमेकांना जवळजवळ कुठेच भेटत नाहीत. नेम सर्व्हर आणि झोनिंगची माहिती फॅब्रिकमधल्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या स्विचांच्या जाळ्यातल्या, प्रत्येक स्विचमध्ये वाटलेली असते. ती मॅनेजमेंट सर्व्हरवर राहत नाही. त्यामुळे मॅनेजमेंट सर्व्हर आठवडाभर बंद राहिला तरी वाचणं-लिहिणं चालू राहतं. दादरचा इंडिकेटर बंद पडला म्हणून लोकल थांबत नाही. गोंधळ उडतो, माणसं चुकीच्या प्लॅटफॉर्मवर धावतात, पण इंडिकेटर दुरुस्त करायला कोणी ओव्हरहेड वायरची वीज तोडत नाही. कन्सोल लाल दिसला म्हणून स्विच रीबूट करणं म्हणजे नेमकं तेच.

याला अपवाद आहेत. काही सॉफ्टवेअर अ‍ॅरेशी फायबरवरूनच बोलतं. ईएमसीच्या सिमेट्रिक्स घराण्यात गेटकीपर नावाची चिमुकली लन असतात. त्यांत डेटा ठेवत नाहीत, अ‍ॅरेला हुकूम पाठवायचे तेवढीच त्यांची भूमिका. "काहीच वापरत नाहीये" म्हणून कोणी साफसफाईत ती काढून टाकली, की डेटा व्यवस्थित चालतो आणि मॅनेजमेंट आंधळं होतं. म्हणून आपलं सॉफ्टवेअर कुठल्या रस्त्याने बोलतं, हे शांतपणी एकदा कागदावर काढून ठेवलेलं बरं.

किती लाल आहेत, ते बघा

लॉग उघडण्याआधी फक्त नकाशाकडे बघा. लालपणाचा आकार बरंच काही सांगतो.

सगळेच स्विच आणि अ‍ॅरे एकदम लाल झाले असतील, तर वीस उपकरणं एका मिनिटात बिघडली असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. सगळ्यांमध्ये समाईक काय आहे ते शोधायचं: मॅनेजमेंट सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, त्याचं घड्याळ, सर्टिफिकेट, ज्या खात्याने तो सगळीकडे लॉगिन करतो त्याचा पासवर्ड, किंवा त्याचा स्वतःचा डेटाबेस. एकाच साइटचे लाल असतील तर मधला फायरवॉल किंवा लिंक. एकच स्विच लाल असेल तर त्याची इथरनेट केबल, आयपी, खातं. कोणीतरी तोच आयपी दुसऱ्या यंत्राला दिलेला असणं हे जितकं हास्यास्पद वाटतं तितकंच नेहमीचं आहे. आणि एखादा स्विच दर थोड्या वेळाने लाल-हिरवा-लाल होत असेल, तर टाइमआउट, संपलेली सेशनं किंवा एसएनएमपीमधली (उपकरणाला त्याची स्थिती विचारायच्या पद्धतीतली) गडबड याकडे वळा.

एसएनएमपीची ही गडबड जरा समजून घेण्यासारखी आहे, कारण ती भल्याभल्यांना दिवसभर नाचवते. एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला एक इंजिन आयडी असतो, आणि जुना निरोप कोणी पुन्हा पाठवू नये म्हणून उपकरण कितीदा सुरू झालं व सुरू होऊन किती सेकंद झाले, हे दोन आकडे तपासले जातात. यात १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की निरोप नाकारला जातो. आता एका स्विचचं कॉन्फिगरेशन कॉपी करून दुसऱ्यावर चढवलं आणि त्यासोबत इंजिन आयडीही गेला, तर सॉफ्टवेअरच्या हिशेबी दोन स्विच म्हणजे एकच इंजिन. एकाचे सेकंद दुसऱ्याशी जुळत नाहीत. मग कधी हा उत्तर देतो, कधी तो. स्विचमध्ये दोष नाही, केबलमध्ये नाही, पासवर्डही बरोबर. दोन्हींचे इंजिन आयडी शेजारी ठेवून बघितले की पाच मिनिटांत उलगडतं.

खालून वर चढायचं

पडद्यावर दिसणारा एक हिरवा ठिपका बराच प्रवास करून आलेला असतो. स्विचमधली खरी स्थिती, ती सांगणारा स्विचवरचा एजंट किंवा एपीआय, मधलं नेटवर्क, माहिती गोळा करणारी कलेक्टर सेवा, डेटाबेस आणि शेवटी ब्राउझर. बहुतेक जण ब्राउझरपासून सुरुवात करतात: कॅश साफ करतात, दुसरा ब्राउझर लावतात, मग सर्व्हिस रीस्टार्ट, मग आख्खा सर्व्हर रीस्टार्ट. माझं मत उलटं आहे. थेट स्विचवर एसएसएचने जा आणि त्यालाच विचारा.

ब्रोकेडवर स्विचशो, एनएसशो आणि फॅब्रिकशो. सिस्कोवर शो एफलॉगी डेटाबेस आणि शो एफसीएनएस डेटाबेस. स्विच म्हणतोय पोर्ट ऑनलाइन आहे आणि कन्सोल म्हणतोय नाही, तर दोष वरच्या टप्प्यांत आहे, आता घाई नाही. स्विचही म्हणतोय ऑफलाइन, तर कन्सोल खरं बोलतोय आणि बिघाड केबल, एसएफपी (केबल ज्यात बसते ते पोर्टमधलं ऑप्टिकल मॉड्यूल) किंवा सर्व्हरमध्ये आहे. ही एक तपासणी बाकी सगळ्याच्या आधी.

एसएसएचच होत नसेल, तर मॅनेजमेंट सर्व्हरवरूनच प्रयत्न करून बघा, आपल्या लॅपटॉपवरून नव्हे. लॅपटॉपला जाणारा रस्ता वेगळा, सर्व्हरला जाणारा वेगळा. मधला फायरवॉल दोघांना सारखी वागणूक देईलच असं नाही.

फायरवॉलवरून आठवलं. एसएमआय-एस हे स्टोरेजवाल्यांनी मिळून ठरवलेलं मॅनेजमेंटचं प्रमाण, स्निया या संघटनेचं, आणि आयएसओने ते २४७७५ या क्रमांकाने स्वीकारलेलं आहे. याचे ठरलेले पोर्ट ५९८८ आणि सुरक्षित असेल तर ५९८९. नेटवर्क टीमला अर्ज जातो, ते हे पोर्ट उघडतात, डिस्कव्हरी, म्हणजे उपकरणं शोधून यादीत घेणं, छान होते, सगळे खूश. आठवड्याने लक्षात येतं की अलर्ट येतच नाहीत. कारण घटना घडल्यावर निरोप उलट दिशेने येतो, अ‍ॅरेकडच्या प्रोव्हायडरकडून मॅनेजमेंट सर्व्हरकडे, वेगळ्याच पोर्टवर. ती दिशा कोणी मागितलीच नव्हती. एसएनएमपीतही तसंच: आपण विचारतो १६१वर, ट्रॅप, म्हणजे उपकरणाने आपणहून पाठवलेला निरोप, येतो १६२वर, उलट दिशेने. "माहिती दिसते पण उशिरा दिसते" ही तक्रार ऐकली की आधी हे तपासा. ट्रॅप पोचत नसले की कन्सोल पुढच्या पोलिंगपर्यंत, म्हणजे पुन्हा स्वतः विचारेपर्यंत, जुनंच चित्र दाखवत बसतो. मॅनेजमेंट सर्व्हर नव्या यंत्रावर हलवल्यावर स्विचमध्ये ट्रॅपचा जुनाच पत्ता राहून जाणं, हेही याच जातीचं.

अलीकडच्या उपकरणांत हे सगळं रेस्ट एपीआयकडे सरकतंय. स्नियानेही २०१६ मध्ये रेडफिश या सर्व्हर मॅनेजमेंटच्या प्रमाणाच्या पायावर स्टोरेजसाठी स्वोर्डफिश आणलं. त्याने पोर्टांचा गुंता कमी झाला. सर्टिफिकेटांचा मात्र वाढला.

सर्टिफिकेट, जावा आणि इतर भुतं

कन्सोल उघडतच नाही, अशा बहुतेक तक्रारींमागे स्टोरेजचा काहीच संबंध नसतो. त्यामागे असते गेल्या दहा-बारा वर्षांतली ब्राउझर आणि जावाची उलथापालथ. जुने स्विच आणि अ‍ॅरे आपला कन्सोल जावा अ‍ॅप्लेट म्हणून ब्राउझरमध्ये पाठवायचे. जानेवारी २०१४ मध्ये जावा ७च्या ५१व्या अपडेटने सही नसलेले आणि स्वतःच सही केलेले अ‍ॅप्लेट अडवायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या ४५व्या आवृत्तीने ज्या प्लगइनवर हे चालायचं तेच काढलं. एप्रिल २०१७ पासून जावाने एमडी५ने सही केलेल्या फाइल्स सही नसल्यासारख्या मानल्या. २०१८ मध्ये जावा ११ आलं आणि वेब स्टार्ट गेलं. एप्रिल २०२१च्या अपडेटने टीएलएस १.० आणि १.१ बंद केले. ज्यांचे कन्सोल फ्लॅशवर होते त्यांच्यासाठी १२ जानेवारी २०२१ हा दिवस: त्या तारखेपासून फ्लॅश प्लेयरने मजकूर चालवायलाच नकार दिला. अ‍ॅरे ठणठणीत, त्याचं तोंड तेवढं बंद.

म्हणून "काल चालत होतं, आज उघडत नाही" असं असेल, तर स्टोरेजवर काय बदललं याच्याआधी विचारा की जंप सर्व्हरवर, म्हणजे ज्या यंत्रावरून कन्सोल उघडतो त्यावर, काल कुठले पॅच बसले. जुनी उपकरणं अजून सेवेत असतील, तर त्यांच्यासाठी जुन्या जावाचं एक वेगळं व्हर्च्युअल मशीन, इंटरनेटपासून तोडलेलं, ठेवणं हा रुळलेला उपाय आहे. सुरक्षा विभाग नाक मुरडेल, आणि त्यांचं बरोबर आहे. पण नुसत्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये "सगळं चालू दे" करून ठेवण्यापेक्षा हे बरं.

सर्टिफिकेटची गोष्ट निराळी. सॉफ्टवेअर बसवताना ते स्वतःच एक सर्टिफिकेट तयार करतं, ठरावीक मुदतीचं. बसवणारा माणूस दोन वर्षांत नोकरी बदलतो. मुदत संपते त्या क्षणी कलेक्टर आणि सर्व्हर एकमेकांवर विश्वास ठेवणं सोडतात, आणि नकाशा एका झटक्यात लाल होतो. ओळखायची खूण: बिघाडाची वेळ अगदी नेमकी असते, आणि सॉफ्टवेअर ज्या दिवशी बसवलं त्या तारखेशी जुळते. लॉगमध्ये "हँडशेक", "एक्स्पायर्ड" किंवा "ट्रस्ट" असले शब्द सापडतील. हे नेमकं मार्चएंडच्या चेंज फ्रीझमध्ये झालं तर बदलाची परवानगी मिळवणं हीच मोठी लढाई असते. म्हणून सगळ्या सर्टिफिकेटांच्या तारखा टीमच्या सामायिक कॅलेंडरमध्ये टाका, एकाच्या मेलबॉक्समध्ये नको.

घड्याळाचं सर्टिफिकेटशी जवळचं नातं आहे. सर्व्हरचं घड्याळ भरकटलं की वैध सर्टिफिकेटही अवैध ठरू शकतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची लॉगिन तपासणारी पद्धत, कर्बेरॉस, मुळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही, त्यामुळे लॉगिन बंद. शिवाय स्विचच्या लॉगमधली वेळ आणि सर्व्हरच्या लॉगमधली वेळ जुळत नसेल, तर कुठली घटना आधी आणि कुठली नंतर हेच कळत नाही. घड्याळं जुळवणारं एनटीपी सगळीकडे, एकाच ठिकाणाहून.

पासवर्डचा घोळ त्याहून जास्त नेहमीचा. ऑडिट येतं, स्विचचे पासवर्ड बदलले जातात, पण मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये साठवलेला पासवर्ड बदलायचं राहतं. सॉफ्टवेअर बिचारं इमाने इतबारे दर काही मिनिटांनी जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहतं. काही प्रयत्नांनी खातं लॉक होतं. आता माणसालाही त्या खात्याने आत जाता येत नाही, आणि अनलॉक केलं तरी थोड्या वेळात पुन्हा लॉक. स्विचच्या ऑडिट लॉगमध्ये चुकलेली लॉगिनं कुठल्या आयपीवरून येतायत ते बघा. तो आपल्याच मॅनेजमेंट सर्व्हरचा निघतो. पोलिंग थांबवा, स्विचवर पासवर्ड बदला, सॉफ्टवेअरमध्ये बदला, मग पोलिंग सुरू करा, याच क्रमाने. आणि सॉफ्टवेअरसाठी वेगळं सर्व्हिस खातं ठेवा. सगळ्यांनी मिळून एकच अ‍ॅडमिन वापरायची सवय इथे महागात पडते.

डेटाबेस भरला

नकाशा दिसतो, पण आलेख मंगळवारी दुपारी थांबलेत. लॉगिनला मिनिटभर लागतं. सर्व्हिस सुरू होते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. ही लक्षणं दिसली की डिस्कची जागा बघा.

हिशेब करून बघा. दोन हजार पोर्ट, दर पाच मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला एका पोर्टच्या २८८. प्रत्येक पोर्टचे दहा आकडे धरले तर रोजच्या ५७ लाख ६० हजार नोंदी. बसवताना दिलेली शंभर-दोनशे जीबीची डिस्क पुरेल कशी? जुन्या नोंदी किती दिवस ठेवायच्या ही सेटिंग आधी तपासा.

जागा मोकळी करताना एक धोका असतो. अनेक मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या पोटात पोस्टग्रेस डेटाबेस असतो. त्याच्या व्यवहारांची नोंदवही ज्या फोल्डरात असते त्याच्या नावात पूर्वी "लॉग" होतं, आणि लोक जागा करायला तो खुशाल उडवायचे. डेटाबेस जागच्या जागी कोलमडायचा. २०१७ मध्ये आवृत्ती १०मध्ये पोस्टग्रेसवाल्यांनी त्या फोल्डरचं नावच बदललं. पण जुन्या आवृत्तीवर चालणारं सॉफ्टवेअर अजून भेटतं, तेव्हा डेटाबेसच्या फोल्डरात हाताने काही पुसू नका. सॉफ्टवेअरचे स्वतःचे जुने लॉग आणि सपोर्टसाठी काढून ठेवलेल्या मोठ्या झिप फाइल्स आधी हलवा. जागा बहुतेकदा त्यांनीच खाल्लेली असते.

आलेखाबद्दल आणखी थोडं. वापर अमुक वेळी उणे दिसतो, किंवा अचानक आकाशाला भिडतो, किंवा गजबजलेला पोर्ट रिकामा दिसतो. मोजणारा आकडा ३२ बिटांचा असेल तर तो सुमारे ४२९ कोटींपर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. ८ गिगाबिटचा फायबर चॅनल पोर्ट सेकंदाला साधारण ८०० मेगाबाइट वाहतो. बाइट मोजणारा असा आकडा पूर्ण भाराखाली पाच-सहा सेकंदांत एक फेरी मारतो. आपण विचारणार दर पाच मिनिटांनी. मधे पन्नासेक फेऱ्या झाल्या हे सॉफ्टवेअरला कळणार कसं? ६४ बिटांचे काउंटर वापरायला लावले की हा प्रश्न मिटतो. मात्र पाच मिनिटांच्या सरासरीत दहा सेकंदांचा ताण बुडून जातो, तो ६४ बिटांनीही वर येत नाही.

एक उदाहरण, जवळून

समजा, ओरॅकल चालवणाऱ्या सर्व्हरचं एक एचबीए कार्ड जळालं. हार्डवेअर इंजिनिअरने रात्री नवं बसवलं, केबल लावली, दिवा हिरवा झाला, तो गेला. सकाळी डीबीए सांगतो की डिस्ककडे जाणाऱ्या चारपैकी दोनच पाथ दिसतायत. कन्सोलवर मात्र सर्व्हर हिरवा, झोनही हिरवा, कार्डाचं नाव "ओआरए-डीबी-०१-एचबीए-१" असं छान दिसतंय.

इथे फसायला होतं, कारण ते नाव कार्डाने सांगितलेलं नाही. ते आपल्यापैकीच कोणीतरी कधीतरी टाइप केलेलं टोपणनाव आहे आणि ते जुन्या कार्डाच्या डब्ल्यूडब्ल्यूएनला चिकटलेलं आहे. कन्सोलने जुनी नोंद अजून काढलेली नाही.

आता तीन हिरवे कंदील एकेक करून बघायचे. लिनक्सवर एफसी-होस्टच्या फोल्डरातली पोर्ट-नेम ही फाइल वाचा. कार्डाचं खरं नाव तिथे असतं. स्विचवर स्विचशो चालवा: त्या पोर्टसमोर तेच नाव दिसलं, म्हणजे लॉगिन झालंय. मग झोनमधलं टोपणनाव उघडा. शेवटचे चार अंक जुळत नाहीत. दुसरा कंदील लाल. तिसऱ्यासाठी अ‍ॅरेवर जा. जुन्या कार्डासमोर "रजिस्टर्ड: हो, लॉग्ड इन: नाही" असं काहीसं, आणि नव्याचा पत्ताच नाही. झोन अडवत असताना ते अ‍ॅरेपर्यंत पोचणार कुठून?

टोपणनावात नवा डब्ल्यूडब्ल्यूएन घाला, झोनिंग सेव्ह करून लागू करा, अ‍ॅरेवर नवं कार्ड त्याच होस्टला जोडा, सर्व्हरवर रीस्कॅन करा आणि मल्टिपाथ -एलएल मध्ये चारही पाथ मोजा. त्यानंतरच कन्सोलमध्ये पुन्हा डिस्कव्हरी चालवा. नवा डब्ल्यूडब्ल्यूएन कॉपी करताना पोर्टचंच नाव घ्या, नोडचं नव्हे; दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि कधीकधी एखाद्याच अंकाचा फरक असतो. ब्लेड सर्व्हरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएन प्रोफाइलमधून दिलेलं असेल तर कार्ड बदलल्यावरही तेच राहतं आणि हा सगळा उपद्व्याप वाचतो.

झोनिंग: सेव्ह केलं म्हणजे लागू झालं नाही

स्विचमध्ये झोनिंगच्या दोन प्रती असतात. एक ठरवलेली, एक प्रत्यक्ष लागू असलेली. सेव्ह केल्याने पहिली बदलते; लागू करेपर्यंत दुसरी जुनीच राहते. "मी झोन बनवला, पण सर्व्हरला दिसत नाही" याचं उत्तर इथेच मिळून जातं.

त्रासदायक प्रकार वेगळा. काही सॉफ्टवेअर झोनिंगची स्वतःकडे ऑफलाइन प्रत ठेवतं. आपण सकाळी ती उघडून बसतो. दुपारी सहकारी थेट स्विचवर कमांडने दोन झोन घालतो. संध्याकाळी आपण आपली प्रत लागू करतो, आणि त्याचे दोन झोन गायब. कोणाच्या लक्षात येतं? ज्याचा सर्व्हर पडला त्याच्या. हा खराखुरा आउटेज आहे आणि तो मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमुळे झालेला आहे. वर म्हटलेल्या "डेटा वेगळा, मॅनेजमेंट वेगळं" या दिलाशाची मर्यादा इथे येते. वाचताना सॉफ्टवेअर निरुपद्रवी असतं, लिहिताना नाही. म्हणून झोनिंग एकाच मार्गाने करायचं हे टीमने ठरवून टाकावं, कन्सोलने तर कन्सोलने, कमांडने तर कमांडने. लागू करण्याआधी चालू प्रत फाइलमध्ये काढून ठेवावी आणि फरक डोळ्यांनी बघावा. "कोणीतरी आधीच बदल करतंय" असा निरोप आला, तर अडकलेलं ट्रान्झॅक्शन कोणाचं आहे ते विचारा. सरळ रद्द करू नका, पलीकडे कोणी अर्ध्यात असू शकतं.

सॉफ्टवेअर खरं बोलत असेल तेव्हा

पोर्टवर एरर वाढतायत असा अलर्ट आला तर आकडा बघून घाबरू नका. तो काउंटर शेवटचा कधी शून्य केला होता ते बघा. दोन वर्षांत साठलेले चारशे सीआरसी एरर (वाटेत खराब झालेल्या फ्रेम, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची मोजणी) आणि गेल्या तासातले चारशे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आकडे टिपून ठेवा, काउंटर शून्य करा आणि तासाभराने पुन्हा बघा.

ब्रोकेडच्या पोर्टएररशोमध्ये सीआरसीचे दोन रकाने असतात. एक साधा, आणि एक शेवटची खूण शाबूत असलेल्या फ्रेमचा. खराब फ्रेम पहिल्यांदा जिथे सापडते तिथे दुसरा रकाना वाढतो. त्यानंतर स्विच तिच्यावर "खराब" अशी खूण करून पुढे धाडतो, त्यामुळे पुढच्या पोर्टांवर फक्त पहिला वाढतो. म्हणजे दुसरा रकाना जिथे वाढतोय तिथलीच केबल किंवा एसएफपी सदोष. कन्सोल मात्र दोन्हींची बेरीज करून पाच पोर्ट लाल दाखवू शकतो, आणि माणसं पाचही केबल बदलत बसतात. आधी त्या एका पोर्टचा कनेक्टर फायबर क्लीनरने पुसा. धुळीचा एक कण पुरतो.

व्हेंडरला केस टाकण्याआधी

सर्व्हिस रीस्टार्ट केली की बऱ्याचदा सगळं हिरवं होतं. मेमरी गळत असलेली जावा सेवा रीस्टार्टने ताजीतवानी होणारच. पण त्याबरोबर त्या क्षणीची मेमरी, अडकलेले थ्रेड, उघडी कनेक्शन हे सगळं पुसलं जातं, आणि पंधरा दिवसांनी तीच रड. म्हणून रीस्टार्टच्या आधी सॉफ्टवेअरचा सपोर्ट बंडल काढा, संबंधित स्विचवर सपोर्टसेव्ह (लॉग गोळा करणारी कमांड) चालवा, डिस्क आणि मेमरीचे आकडे टिपा, आणि बिघाड नेमका कधी दिसला ती वेळ टाइमझोनसकट लिहा. सपोर्ट इंजिनिअर दुसऱ्या देशात असू शकतो. यूटीसी आणि भारतीय वेळेतल्या साडेपाच तासांच्या फरकाने त्याने भलताच लॉग वाचला तर दोन दिवस वाया जातात. "काल रात्रीपासून स्लो आहे" एवढ्यावर केस टाकली तर पहिलं उत्तर "लॉग पाठवा" हेच येणार.

कुठलाही मोठा बदल करण्याआधी कंपनीची कंपॅटिबिलिटी यादी काढा. स्विचवर नवं फर्मवेअर चढवलं आणि कन्सोल जुन्याच आवृत्तीवर राहिला, तर तो स्विच "अनोळखी" म्हणून करडा पडतो किंवा अर्धीच माहिती दाखवतो, आणि त्यात बिघडलेलं काहीच नसतं. साधारण क्रम आधी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, मग स्विच, असा असतो. तोही रिलीज नोट्समध्ये वाचून खात्री करा, आणि दोन फॅब्रिक असतील तर एकाचं फर्मवेअर करून किमान काही दिवस जाऊ द्या, मगच दुसऱ्याला हात लावा.